पंचफुला भ्रतार धर्मपाल

१६ ऑक्टोबर १९६२

आज मला समजलं की माझं लग्नच झालेलं नाही.

पटवाऱ्याने सांगितलं. मास्तर, म्हणजे माझे मालक धर्मपाल, जाऊन दोन महिने झाले तरी शेत अजून त्यांच्याच नावावर आहे. तिथे माझं, ‘पंचफुला भ्रतार धर्मपाल’, आणि खाली आमच्या शालूचं नाव चढवायचं, एवढंच काम घेऊन मी चावडीवर गेले होते. वाटलं, पटकन उरकेल आणि कापसाच्या वेचणीला परत जाता येईल. पटवारी चष्मा पुसत बसला. पुसून झाला तरी पुसतच बसला. मग म्हणाला, “बाई, हरकतीचा अर्ज आला हाये. तुमी मास्तरच्या लग्नाच्या बायको नाही म्हनते.”

“कोन म्हनते?”

“देवमन.”

देवमन म्हणजे माझे भासरे, मास्तरांचे सख्खे थोरले भाऊ. सासूसासरे पूर्वीच गेले. शेताच्या वाटण्या तेव्हाच झाल्या, चार एकर त्यांना, चार आम्हाला. आता मी बायको ठरले नाही तर शालूही मास्तरांची मुलगी ठरत नाही, आणि आमचे चार एकर आपोआप भावाकडे जातात. अर्जात मला ‘ठेवलेली बाई’ लिहिलं आहे. मी मोठ्याने हसले. पटवारी घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. त्याला वाटलं असेल, नवऱ्याच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलं.

घरी आले तर देवमन समोरच्या ओट्यावर बसलेले. आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्याशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही, नाव घ्यायचं नाही. दीक्षा घेतली तेव्हा देव बुडवले, गंडेदोरे बुडवले, ही रीत बुडवायची मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. म्हणून मी पदर ओढला, चार वर्षांच्या शालूला मध्ये उभी केली आणि भांडण सुरू केलं.

“शालू, तुह्या मोठ्या बाबाले इचार, माह्या लग्नाचं जेवन त्यायच्या पोटात अजून असंन का जिरलं?”

शालू म्हणाली, “मोठे बाबा, जिरलं का?”

देवमन म्हणाले, “शालू, तुह्या मायले सांग, कायदा कायदा असते. माही काई दुश्मनी नाही.”

शालूने तेही सांगितलं. मग तिला कंटाळा आला आणि ती खेळायला गेली. भांडण तिथेच थांबलं, कारण मध्ये कोणी उरलं नाही. वहीत मात्र मी नाव खुशाल लिहिणार. देवमन, देवमन, देवमन.

१९ ऑक्टोबर

राग जरा उतरला आहे, म्हणून लग्नाबद्दल नीट लिहून ठेवते. वकील विचारणारच.

सत्तावन्नचा मे महिना. नागपूरच्या दीक्षेला वर्षही झालं नव्हतं. गावात भन्तेजी आले नव्हते, येण्याची आशाही नव्हती. पण लग्नं थांबत नाहीत. तेव्हा देवमननीच त्रिशरण-पंचशील पाठ केलं आणि पांढरा सदरा घालून लग्नं लावायला लागले. माझं लग्न त्यांनीच लावलं! भगवान बुद्धांची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, दोन मेणबत्त्या, पांढरं लुगडं. आम्ही दोघांनी वचनं म्हटली आणि एकमेकांना हार घातले. माझ्या मावशीने चांदूर रेल्वेहून निघतानाच मला गुपचूप हळद लावली होती. देवमननी ती पाहिली आणि भर मांडवात ओरडले, “हे काय! धुऊन या!” रांजणाच्या पाण्याने तोंड धुऊन मी बोहल्यावर आले. मास्तर हळूच म्हणाले, “धुतल्यावर बरी दिसते.” हे वाक्य वकिलाला सांगायचं नाही.

त्यानंतर गावात जेवढी लग्नं झाली तेवढी देवमननीच लावली. त्यांच्या स्वतःच्या लेकीचं, जमुनाचंही, परवा परवा, तेल्हाऱ्याच्या घरात. माझ्या लग्नात गूळ-फुटाणे होते आणि जमुनाच्या लग्नात बुंदी होती. फरक असला तर तेवढाच.

लग्न लावणाराच म्हणतो लग्न झालं नाही. कोणता कोर्टवाला हे ऐकून घेईल? एका तारखेत निकाल लागेल.

२ डिसेंबर

एका तारखेत लागणार नाही.

शालूला शेजारी ठेवून अकोल्याला गेले. तहसीलदारांनी सांगितलं होतंच, की लग्नाचा वाद आम्ही नाही ठरवत, दिवाणी कोर्टात जा. तिथे उत्तमराव वकिलांकडे गेले. मास्तर त्यांच्याबद्दल चांगलं बोलत. माणूस बारीक आहे पण आवाज ठणठणीत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बाई, सात पावलं चालल्या होत्या का?”

“मांडवापासून घरापर्यंत चाललो. मोजले नाही.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “कायदा म्हणतो, लग्न दोघांपैकी एकाच्या रूढीने लागलं पाहिजे. आणि रूढी म्हणजे बापजाद्यांपासून चालत आलेली. तुमची कधीपासूनची?”

“दीक्षेपासूनची.”

“आणि लग्न?”

“त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यातलं.”

“म्हणजे रूढीला अजून दातही फुटले नव्हते. तुमच्या भासऱ्याने वकील हुशार धरला आहे.” मग त्यांनी आवाज खाली घेतला. “हळद लागली होती का?”

मी खरं तेच सांगितलं, लागली होती आणि धुतली. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हळद लागली, अक्षता पडल्या, जुन्या रीतीने सगळं झालं, एवढं चार माणसांनी शपथेवर सांगितलं तर उद्या निकाल तुमचा. नाही तर झगडावं लागेल, आणि हरालही कदाचित.

हरण्याची गोष्ट मी मनावर घेतली नाही. ते वकील आहेत, त्यांना घाबरवण्याची सवयच असते.

३ डिसेंबर

पुंजाजीबुवांना कळलंच. सगळ्या गावात त्यांच्याआधी कोणाला काही कळत नाही. मास्तरांच्या वडिलांचे दोस्त, माझ्यावर माया करतात. काठी टेकत आले आणि म्हणाले, “पोरी, मी सांगतो ना कोर्टात. सात पावलं काय, सतरा सांगतो. हळद त मीच फोडली होती म्हन.”

“बुवा, तुमी त्या दिवशी बडनेऱ्याले होते.”

“कोर्टाले काय मालूम?”

दुपारभर त्यावर विचार केला. खोटं नाही लिहीत, मन डळमळलं. शेत माझं आहे, शालू मास्तरांची आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. त्या खऱ्या ठरवायला एक लहानसं खोटं बोललं तर काय बिघडतं? पण मग आठवलं, घरातले देव मास्तरांनी स्वतः टोपल्यात भरून नदीवर नेले होते. त्यांची आई रडत होती आणि तेही रडत होते, तरी नेले. आता ते बोलू शकत नाहीत म्हणून मी त्यांचं लग्न त्याच देवांपुढे लावायचं? मग हा माणूस दीक्षा घेऊन कुठे गेला म्हणायचं?

बुवांना नाही म्हटलं. ते रागावले. “मर मंग खरं बोलून,” म्हणाले. जाताना शालूच्या हातावर बोरं ठेवून गेले.

२२ जानेवारी १९६३

मी दावा लावला. देवमननी शपथेवर लेखी जबाब दिला. उत्तमरावांनी त्यातलं मुख्य वाक्य वाचून दाखवलं: ‘सदर विधी हा विवाह नसून केवळ प्रार्थना होती, व अशा विधीने कोणतीही स्त्री कोणाचीही पत्नी होत नाही.’ खाली देवमनची सही, चांगली वळणदार.

मी म्हटलं, “चांगलं वाक्य आहे. माणूस आपल्याच तोंडाने आपलं हसं करून घेतो.”

उत्तमराव म्हणाले, “वाक्य फार वाईट आहे, बाई.” ते गंभीर का झाले मला समजलं नाही.

गावात बायका आता दोन तऱ्हेच्या झाल्या आहेत. काही विहिरीवर मला आधी पाणी भरू देतात. काही मी आले की घागर उचलून बाजूला होतात. मी दोन्ही तऱ्हेच्यांकडे बघून सारखीच हसते. दुसऱ्या तऱ्हेच्यांना ते जास्त झोंबतं.

२४ फेब्रुवारी

जमुना माहेरपणाला आली आहे. तेल्हाऱ्याहून एकटीच, हातात बोचकं. जावई अमरावतीला कचेरीत कारकून, त्यांना सुटी नसेल. माहेरी लेक आली की जाऊबाई, म्हणजे तिची आई जयवंता, अंगणात सांडगे घालते, गल्लीभर हाका मारते. या वेळी काही नाही. माझ्यासमोर लेकीचे लाड करायला लाज वाटत असेल.

२० मार्च

जमुना अजून इथेच आहे. तेल्हाऱ्याची माणसं फारच सुखवस्तू दिसतात, ऐन कामात सून महिनाभर सोडली. पोरगी वाळली आहे. दंडावर मनगटाएवढा काळानिळा डाग. विचारलं तर म्हणे बैलगाडीचा दांडा लागला. गाडीत नीट बसता येत नाही आजकालच्या पोरींना. बहुतेक दिवस गेले असतील, म्हणून बसवून ठेवली असावी.

जाऊबाई मात्र रोज काही ना काही मागायला येते. परवा चाळणी, काल पाटा, आज पुन्हा चाळणी, पहिली परत न करता. आणि दारात उभी राहून विचारते, “तारीख कवा हाय वं? वकील काय म्हनते?” मला काय समजत नाही? नवऱ्याने पाठवलेली हेर आहे. मी मुद्दाम छाती फुगवून सांगते, “वकील म्हनते, आपनच जिकतो.” तेव्हा ती “जिक बाप्पा, जिक” म्हणते आणि डोळे पुसते. नाटकं तरी किती करावी माणसाने.

११ एप्रिल

आज जमुना आली. म्हणाली, “काकू, बाबानं कोर्टात काय लिहून देल्लं ते मले वाचाले देता?” ही दुसरी हेर. तरी मी नक्कल काढून दिली, मुद्दाम. वाच म्हटलं, तुझ्या बापाचा पराक्रम. पोरगी चौथी शिकलेली, बोट ठेवून सावकाश वाचत गेली. ‘कोणतीही स्त्री कोणाचीही पत्नी होत नाही’ इथे बोट थांबलं.

“काकू, तुमी जिकल्या तं माहं लगनही खरं होते का?”

“होते ना. एकाच तोंडानं लावलेले दोनी लगनं.”

“मंग बायकोचे जे हक्क असते, ते समदे मले भेटते?”

“समदे.”

तिने नक्कल घडी घालून परत दिली आणि म्हणाली, “तं मंग मांगं हटू नका.” बापाविरुद्ध असं कशी बोलली, मला नवल वाटलं. लाडावलेली आहे.

५ जून

सगळं उलटं निघालं.

दुपारी जाऊबाई आली. दोन्ही चाळण्या घेऊन आली, आणि चुलीपाशी बसून हमसून हमसून रडायला लागली. जमुना माहेरपणाला आलेली नाही. तिला घालवून दिली आहे. जावयाला अमरावतीची दुसरी मुलगी करायची आहे. आता कायद्याने एक बायको असताना दुसरी करता येत नाही. पण पहिली बायकोच नसली तर? देवमनच्या जबाबाची नक्कल तेल्हाऱ्याला पोचली. जमुनाच्या सासूने ती तिच्या अंगावर फेकली आणि म्हणाली, “तुह्याच बापानं शपतेवर लिहेलं हाये, अशानं कोनी बायको होत नाही. चाल निंघ!”

आता खरं लिहिते. ऐकल्याबरोबर मला पहिल्यांदा आनंद झाला. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा! मला ठेवलेली म्हणाले आणि तो शब्द त्यांच्याच लेकीला जाऊन चिकटला. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या. मग जाऊबाईच्या पाठीवर हात ठेवला, तर तिची हाडं हाताला लागली. माणूस इतकं वाळेपर्यंत रोज माझ्या दारात उभं राहत होतं आणि मी त्याला हेर म्हणत होते. डोळे असून आंधळी म्हणतात ती मीच.

तिला म्हटलं, “बाई, रडू नका. मी हरनार नाही.”

ती म्हणाली, “तू आता माह्यासाठी जिक वं.”

१४ जुलै

देवमन आले. ओट्यावर नाही, माझ्या उंबऱ्यापर्यंत आले. टोपी हातात. चेहरा पार उतरलेला. मी पदर ओढला आणि सवयीने शालूला हाक मारली.

“शालू,” देवमन म्हणाले, “तुह्या मायले सांग, मी हरकत मांगं घेतो. आपसात राजीनामा लिहून देतो. शेत तिचं. कोर्टात चाल म्हना, दोघं सही करू, भानगड मिटवू.”

नऊ महिने ज्याच्यासाठी झगडले ते दारात चालत आलं होतं. हात पुढे केला असता तर संपलं होतं. तोंडात ‘हो’ आलंही होतं. तेवढ्यात त्यांच्या मागे, त्यांच्या घराच्या दारात, जमुना उभी दिसली. ती ऐकत होती.

आपसात मिटवलं तर शेत मिळेल. पण तो जबाब कागदावर तसाच राहील. जमुना तशीच राहील. गावातल्या त्या सगळ्या बायका, मला बघून घागर बाजूला घेणाऱ्यासुद्धा, तशाच राहतील. उद्या कोणाचा नवरा मेला, कोणाला दुसरी करावीशी वाटली, की हेच वाक्य पुन्हा काढतील.

मी शालूला बाजूला केलं. पदर तसाच ठेवला, पण आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलले.

“राजीनामा नाही. निकाल पायजे. तुमी पिंजऱ्यात उभं राहा अन् माह्याकडून साक्ष द्या. लगन तुमी लावलं ना? मंग लावलं म्हना.”

 मी बोलले याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं असावं. “अन् हरली तं?”

“तं दोघीजनी हरू. मी अन् तुमची जमुना.”

“शपत मोडली म्हनून मले जेलात टाकतीन.”

“तुमच्यासाठी भाकर घेऊन येईन.”

ते गेले. हातातलं शेत मी सोडून दिलं. मास्तर असते तर काय म्हणाले असते? शाबास म्हणाले असते असं वाटतं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं तेच घालता येतं, म्हणून त्यावर भरवसा ठेवत नाही.

१७ जुलै

उत्तमरावांनी मला वेडी म्हटलं. मग उठून खिडकीशी गेले आणि परत येऊन म्हणाले, “वेडी आहात, पण लढू. रूढी जुनी नसली तरी अख्ख्या समाजाने एका दिवशी जुनी टाकली आणि नवी घेतली, त्या नव्या रूढीने लग्न लावून तुम्ही दोघं पाच वर्षं नांदलात, तुम्हाला लोकांनी नवराबायको मानलं, हे दाखवू. आणि लग्न लावणारा आपला साक्षीदार.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “तो फिरणार नाही ना?”

मी म्हटलं, “त्यायच्या घरात जमुना हाये. फिरतीन कुठं?”

२६ नोव्हेंबर

आज साक्ष झाली. 

गावातून एवढी माणसं आली की कोर्टाच्या शिपायाने दारातच अडवली. पुंजाजीबुवा शिपायाला म्हणाले, “आमी समदे लग्नाचे वऱ्हाडी हाओ,” आणि घुसले. बायका होत्या, कडेवर पोरं होती. देवमन पांढरा सदरा घालून आले होते. तोच, लग्नं लावायचा.

जजसाहेबांनी विचारलं, “तुम्ही मागे शपथेवर याच्या उलट लिहिलं आहे. खरं कधी बोललात?”

देवमन म्हणाले, “आता. तवा लोभ झाला साहेब. वकिलानं वाट दाखोली अन् मी चाललो.”

“त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलं?”

देवमननी हात जोडले आणि सांगायच्या ऐवजी म्हणायलाच लागले. बुद्धं सरणं गच्छामि. आवाज पहिल्यांदा कापरा होता, मग भरला. पुढे वचनं. तीच वचनं, मी त्याच शब्दांनी मास्तरांना हो म्हटलं होतं. वऱ्हाडी लोकांना राहवलं नाही, मागून सगळे एकदम म्हणाले, “साधू! साधू! साधू!” शिरस्तेदार ओरडला. एक पोर रडायला लागलं.

जजसाहेबांनी सगळं शांत होऊ दिलं आणि विचारलं, “अशी किती लग्नं लावलीत?”

“मोजले नाही साहेब. आता रडलं ते त्यातल्याच एकाचं हाये.”

जजसाहेबांनी मान खाली घातली. हसले असावेत. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, या तुमच्या कोण?

“माही भावसून,” देवमन म्हणाले. “माह्या धर्मपालची बायको. अन् आता त्याची इधवा.”

१५ फेब्रुवारी १९६४

निकाल लागला. लग्न खरं. शालू मास्तरांची. चार एकर आमचे.

बाहेर उत्तमराव पेढे वाटत होते. पुंजाजीबुवांनी चार पेढे घेतले, दोन तोंडात, दोन धोतरात. मी सगळ्यांशी हसून बोलले. मग कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली गेले आणि तिथे खाली बसले. दीड वर्षात मी रडले नव्हते. बायको आहे हे आधी सिद्ध करायचं होतं, विधवा व्हायला फुरसत कुठे होती? आज कायद्याने विधवा झाले आणि आज मास्तर गेले. फार आठवण आली त्यांची. फार आली. जाऊबाई शेजारी येऊन बसली, पण गप्प राहा म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

१ मार्च

आज जावई आले. निकालाची बातमी अमरावतीला पोचलीच होती. लग्न खरं ठरलं म्हटल्यावर दुसरी करणं आता गुन्हा, आणि सरकारी नोकरीवर गदा. आई बरोबर, मिठाईची टोपली बरोबर, जमुनासाठी हिरवं लुगडं. सासू अशी गोड बोलत होती की गुळाने शरमावं. देवमननी मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाले, “भावसून, तुमच्या पुण्याईनं माही पोरगी नांदाले चालली.” ते आता माझ्याशी समोरासमोर बोलतात. गावाला ते अजून पचलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दीड वर्षात पहिल्यांदा तेज आलं होतं, आणि मलाही वाटलं, चला, सगळं मनासारखं झालं. शेत मला, संसार जमुनाला.

जमुना बाहेर आली. पायात चपला घातलेल्या, पण बोचकं नव्हतं. लुगड्याकडे तिने पाहिलंच नाही. नवऱ्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, “कोर्टानं लगन खरं ठरवलं, मालूम हाये ना तुमाले?”

“हाये ना,” जावई म्हणाले. “म्हनून त घ्याले आलो.”

“मी बायको हाओ ना तुमची?”

“हाये बाप्पा. आता काय लिहून देऊ?”

“फारकत लिहून द्या,” जमुना म्हणाली. “मारून मारून हात काळा केल्ला तवाच पळून येनार होती. पन तवा तुमी म्हनले, तू बायकोच नाही, तुले सोडाचं काय हाये त्यात. मी वाट पायली. आता बायको हाओ, आता सोडून राहिली. अन् पोटगी कोर्टात मांगतो.”

 सासूच्या हातातली टोपली तशीच राहिली. जाऊबाई रडली नाही, लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली. देवमन खाटेवर बसले. त्यांनी जावयाकडे पाहिलं नाही, लेकीच्या दंडाकडे पाहत राहिले. डाग कधीच गेला होता, पण मला वाटतं त्यांना तो आज पहिल्यांदाच दिसला. मी तर तो वर्षापूर्वीच पाहिला होता आणि वहीत बैलगाडीच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

पाहुणे गेल्यावर देवमन मला म्हणाले, “भावसून, तुमचं आयकते ते. समजावा तिले.”

मी म्हटलं, “तिले समजलेलं हाये. आपल्या दोघाले उशिरा समजलं.”

मग मी जमुनाला विचारलं, अकोल्याला कधी जायचं. ती म्हणाली, “उद्याच चाला काकू.”